एक्कावन्नावा कार्यकर्ता

केशवराव फुलवाले सकाळी साडेअकराला राजकारणात गेले, तेव्हा त्यांच्या हातात सुतळी होती आणि पायात बाथरूमची स्लिपर.

अमरावतीत त्यांचं फुलांचं दुकान. शहरात मोठे पक्ष तीन: लोकउद्धार, जनउद्धार आणि जनउद्धार (मूळ). तिघांच्याही सभांना हार केशवरावांचेच. झेंडू तोच, ओवणी तीच, फक्त खालचा गोंडा पक्षाप्रमाणे बदलायचा. गोंडे हे बायकोचं, म्हणजे बेबीताईंचं खातं. बावीस वर्षांत कोणत्याच पक्षाला केशवराव आपले वाटले नव्हते आणि परकेही नाहीत. धंदा उभा होता तो त्याच्यावरच.

त्या दिवशी वरूडचे महादेवराव जनउद्धार सोडून एक्कावन्न कार्यकर्त्यांसह लोकउद्धारमध्ये प्रवेश करत होते. केशवराव मंचामागून एकेक हार पुढे सरकवत होते. पन्नास झाले आणि माणसं संपली. एक्कावन्नावा वरूडलाच संत्र्याचा ट्रक भरत बसला होता. पण निवेदकानं माइकवर एक्कावन्न म्हणून टाकलं होतं, आणि माइकवर चढलेला आकडा कधी खाली उतरत नाही. उरलेला हार कोणाला द्यायचा, हे विचारायला केशवराव मंचावर गेले. लोकउद्धारच्या साहेबांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि त्यांच्याच गळ्यात घातला. वरून शेला.

"अहो, मी केशव फुलवाला!" केशवराव ओरडले.

"आगे बढो!" मांडवानं उत्तर दिलं.

ते दुकानात पोचायच्या आत बातमी पोचली होती. 'वऱ्हाड वज्र लाइव्ह' नावाचं एक चॅनल आहे. त्याचे संपादक, वार्ताहर आणि विश्वसनीय सूत्र, तिन्ही प्रीतमच. बेबीताईंनी मोबाइल लांब धरून वाचलं, "जनउद्धारला मोठं खिंडार! केशवरावांच्या प्रवेशानं राजकीय वर्तुळात प्रचंड खळबळ!"

केशवरावांनी बाहेर डोकावून पाहिलं. समोर रसवंतीवाला बर्फ फोडत होता. बाकी खळबळ नव्हती.

"अनेक दिवसांपासून नाराज होते म्हणे तुमी," बेबीताई म्हणाल्या. "मले नाही सांगितलं थे?"

"मी काहून नाराज राहू?"

"मले काय मालूम? सूत्राले मालूम आहे."

तेवढ्यात जनउद्धारचे शहराध्यक्ष शेखरभाऊ यांचा फोन आला. "केशवभाऊ, पाठीत खंजीर खुपसला तुमी."

"शेखरभाऊ, मी त हार देयाले चढलो होतो!"

"सगळे असंच म्हणतात. उद्याचा हार कॅन्सल."

उद्याचा हार म्हणजे जनउद्धारच्या सभेत त्यांच्या साहेबांना क्रेननं घालायचा, पंचवीस फुटी, दीड क्विंटल झेंडूचा. आत ओवून तयार पडला होता. झेंडूला राजकारण कळत नाही, तो परवा काळा पडतोच. आणि हा एक हार गेला की जनउद्धारचं दार कायमचं बंद.

केशवराव गाडीला किक मारून प्रीतमच्या मुख्यालयात, म्हणजे चहाच्या टपरीवर गेले.

"बाबू, थे बातमी काढ."

"काकाजी, चाळीस हजार लोकाईनं पाह्यली."

"पण खोटी आहे न बे!"

"खोटी नाही, वादग्रस्त आहे." प्रीतमनं चहा बाजूला ठेवला. "खंडन कोणी पाहत नाही. नवी बातमी देऊ. बोला."

केशवराव माइकमध्ये बोलले, "मी कोणाच्याच पक्षात नाही. मी फुलं विकतो. ज्याले पायजे त्यानं दुकानात यावं."

जिल्ह्यात त्या वर्षी माइकवर इतकं खरं कोणी बोललं नव्हतं. वीस मिनिटांत पट्टी आली: 'केशवरावांचे सर्व पर्याय खुले! तिन्ही पक्षांना दुकानात येण्याचं आवाहन! किंगमेकर ठरणार?'

चार वाजता लोकउद्धारवाले नाराजी दूर करायला आले. सत्काराला रिकाम्या हातानं जाता येत नाही, म्हणून त्यांनी तिथूनच हार घेतला, केशवरावांना घातला, फोटो काढला आणि गेले. बेबीताईंनी हार उतरवला, गोंडा बदलला, खुंटीला लावला. पाच वाजता (मूळ)वाले आले.

"ताजा आहे न, ताई?"

"आत्ताच उतरवला जी."

त्यांच्याबरोबरचे मित्रपक्षही एकेक करून सत्कार उरकून गेले. सहापर्यंत त्या एका हारानं चारदा पक्ष बदलला होता आणि त्याला कोणी गद्दार म्हटलं नव्हतं.

सव्वासहाला खुद्द शेखरभाऊ आले. सोबत अकरा कार्यकर्ते. खुंटीवरच्या हाराकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. "सगळ्याईनं हाच घातला. आमची काही इज्जत आहे का नाही? मोठा दाखवा."

"मोठा एकच आहे," बेबीताई म्हणाल्या. "तुमीच कॅन्सल केला थो."

शेखरभाऊंनी मागे बघितलं. प्रीतम लाइव्ह सुरू करून उभा होता.

"काढा बाहेर," शेखरभाऊ म्हणाले.

क्रेन नव्हती. अकरा जणांनी मिळून हार उचलला, 'एक, दोन, तीन' म्हटलं आणि केशवराव दिसेनासे झाले. वर चष्मा आणि खाली स्लिपर, एवढेच उरले.

"केशवराव, पुढची भूमिका काय?" प्रीतमनं झेंडूत माइक खुपसला.

"शेखरभाऊ, उद्याचं पक्कं का?" आतून आवाज आला.

"पक्कं! हाच हार आमच्या साहेबाले. दहा वाजता पोचता करा."

"मंग कोणी फुलाले हात लावू नका. मले हळूच खालून काढा."

"थांबा जी, आंधीच हलू नका," म्हणत बेबीताई बादली घेऊन आल्या. हार उद्या दहापर्यंत टिकवायचा होता. त्यांनी नेहमीसारखं वरून तीन-चार तांबे पाणी मारलं. ते झेंडूतून झिरपत केशवरावांच्या चष्म्यावरून गालांवर ओघळलं.

प्रीतमनं कॅमेरा जवळ नेला. खाली पट्टी फिरू लागली: 'केशवराव भावुक! अश्रू अनावर!'