चारशे बारा

दुर्गाबाईची साखर चारशे अडतीस निघाली, तशी चतुराबाईनं आधी तिची खरडपट्टी काढली.

"बाप्पा! काय गिळून आली वो? पोतंभर साखर?"

"देवाशपथ, सकाळपासून चहासुद्धा फिक्का घेतला. बगीच्यात होती, संत्री खुडून राहिली होती," शेजारीण रडकुंडीला आली.

"मंग माही मशीन खोटं बोलते का?"

शेंदूरजनाघाटात त्या गल्लीत चतुराबाईच्या मशीनीवर कोणी संशय घेत नसे. बाई दुसरी पास, पण नवऱ्याला, किसनरावांना, साखर लागली तेव्हापासून बोट टोचण्यात अन् इन्सुलिनची सुई देण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कंपाउंडरनं एकदाच दाखवलं होतं, स्पिरिटच्या कापसानं बोट पुसायचं, टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा. डॉक्टरनं लिहून दिलेली चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. किती आकड्याला किती सुई, सगळं त्यात होतं. किसनराव गेले त्याला आता आठ दिवसांनी वर्ष होत होतं, तरी चिठ्ठी तिथंच होती अन् गल्लीतल्या बायका अजून तिलाच गमतीनं डॉक्टरीण म्हणत.

घाबरलेली दुर्गाबाई तशीच ऑटोत बसून वरुडला गेली. लॅबमध्ये दंडातून रक्त काढलं. संध्याकाळी तो कागद नाचवतच ती दारात आली.

"एकशे शेहेचाळीस! तुही मशीन पागल झाली, चतुराबाई. दे फेकून."

शेजारीण हसत गेली. चतुराबाईला हसू आलं नाही. तिला आठवला तो दुसरा आकडा.

चारशे बारा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दार लोटून घेतलं, ओसरीत मशीन मांडली अन् स्वतःचं बोट पुढं केलं. तिला साखर नव्हती. नळाखाली हात धुवून टोचलं: शहाण्णव. मग टोपल्यातलं संत्रं घेतलं, सोललं, फोडी बाजूला ठेवल्या. एकही तोंडात टाकली नाही. हात लुगड्याला पुसून टोचलं: तीनशे चाळीस.

मागं बाज करकरली.

बाजेवर भारी माणूस बसला की तिची सुतळी जशी करकरते, तशी. संत्र्याच्या सालीचा वास आला, त्यात घामाचा. किसनरावांना बोट टोचलं की ते नेहमी एकच विचारत, "किती आली वो?" चतुराबाईनं मान वळवली नाही. मान वळवली असती तर बाज रिकामी दिसली असती, अन् ती तिला बघायची नव्हती.

"स्पिरिटनं पुसलं होतं मी," ती समोरच्या भिंतीला म्हणाली. "पुसल्याबिगर कधी टोचलं नाही तुमाले."

तिनं पुन्हा संत्रं सोललं. या खेपेला स्पिरिटचा कापूस घेऊन बोट चांगलं घासलं, कंपाउंडरनं दाखवलं होतं तसं. टोचलं.

दोनशे ऐंशी.

मग नळाखाली बोट धरलं, चोळून धुतलं, कोरडं केलं. अठ्ठ्याण्णव.

सहा दिवस रोज दुपारी तिनं हेच केलं. दहाही बोटं टोचून झाली, जवारी निवडताना कण झोंबायला लागले. आकडे खालीवर व्हायचे, पण धुतलेल्या बोटाला साखर नाही अन् संत्रं सोललेल्या बोटाला साखरच साखर, यात फरक पडला नाही. स्पिरिटनं थोडी कमी व्हायची, जायची नाही. रोज मागं बाज करकरायची. मशीनीचं बटण मागं मागं दाबत गेलं की तो आकडा निघायचा, तारखेसकट, वेळेसकट. चारशे बारा. बारा वाजून सात मिनिटं.

किसनराव गेले त्या दिवशी बगीचा बघायला व्यापारी आला होता. आपल्या भागात व्यापारी आला की मालकानं स्वतःच्या हातानं फळ सोलून फोड त्याच्या हातावर ठेवायची, हा मान. किसनरावांनी सहा-सात झाडांची फळं सोलून दिली. स्वतः एक फोड खाल्ली नाही, पथ्याचा माणूस. घरात आले, बाजेवर बसले, बोट पुढं केलं. तिनं पुसलं, टोचलं. "किती आली वो?" "चारशे बारा! काय खाल्लं?" "काहीच नाही." "खोटं नका बोलू." चिठ्ठीत चौदा युनिट लिहिलेले. तिनं चौदा दिले. अर्धी भाकर खाऊन ते आडवे झाले. घाम फुटला, तेव्हा साखर उतरून राहिली असं म्हणत तिनं अंगावर चादर घातली. ते काहीतरी पुटपुटले, तिनं "झोपा" म्हटलं. अंगणातल्या मजुरांनाही दटावलं, गलका करू नका, मालक झोपले.

चार वाजता चहासाठी हाक मारली.

मौतीला जमलेल्या लोकांसमोर ती सुनेकडं बोट करून ओरडली होती, "दोन अनारसे चारून माह्या माणसाले मारलं हिनं!" आचल म्हणाली होती, "आत्याबाई, ताटली फक्त व्यापाऱ्यासमोर ठेवली, मामाजींनी हात नाही लावला." कोणी ऐकलं नाही. आकडा चारशे बारा होता ना. तेरवी झाली तशी आचल अकोल्याला माहेरी निघून गेली, अन् महिन्याभरात कुलदीपही बायकोमागं गेला. चतुराबाईनं आपल्या पोटच्या पोरालाही थांब म्हटलं नाही.

सातव्या दिवशी तिनं बस धरली. अमरावतीला गाडी बदलली, अकोल्यात मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात आचलच्या माहेरचं दार शोधत गेली. कुलदीप कामावर होता. आचलनं पाणी दिलं, बसा म्हटलं नाही.

"काहून आल्या?"

"सांगाले. अनारशानं नाही झालं. त्याईच्या बोटाले संत्र्याचा रस होता, साखर त्याची होती. रक्तात नव्हती. मी नसलेल्या साखरेले सुई दिली, होती तीबी उतरवली."

आचलनं दाराची चौकट धरली.

"सुई किती वाजता दिली?"

"बारा वाजता."

"अन् हाक कधी मारली?"

"चारले."

"चार घंटे?"

"मी बाजूलेच होती. तुरीच्या शेंगा सोलत. घामानं उशी भिजली होती वो पोरी, अन् मले बरं वाटून राहिलं होतं."

आतून आचलची आई डोकावली, तिनं चहाचं विचारलं. आचलनं हातानंच नको म्हटलं.

"मी काही चारलं नाही, हे मले पयलेपासून माहीत होतं, आत्याबाई. ज्याईले माहीत नाही त्याईले सांगा. तुमी चारचौघांत बोलल्या होत्या."

वर्षश्राद्धाला पंगत बसली. मौतीला होते तेच सगळे होते. कुलदीप वाढत होता; आचल आली होती, पण उंबऱ्याच्या बाहेर थांबली. चतुराबाई पंगतीच्या मधोमध उभी राहिली अन् जे अकोल्यात सांगितलं तेच खणखणीत आवाजात सांगितलं. घास हातातच राहिले. मग किसनरावांचा धाकटा भाऊ देवराव उठला.

"वहिनी, बसा. सुनेले वाचवाले आपल्या अंगावर घेऊन राहिल्या तुमी. दुःखानं होते असं."

बायकांनी माना हलवल्या. दुर्गाबाईनं डोळ्याला पदर लावला. कोणीतरी पाणी आणा म्हणालं.

"मागच्या साली खोटं बोलली तं मले कोणी बसा नाही म्हटलं," चतुराबाई कडाडली. "आज खरं बोलली तं चक्कर आली का मले?"

तिनं मशीन आणली अन् टोपल्यातलं संत्रं देवरावाच्या हातात ठेवलं.

"सोला."

"मले साखर नाही, वहिनी."

"म्हणूनच सोला."

देवरावानं जेवणाचा हात धुतला अन् सोललं. तिनं स्पिरिटचा कापूस घेऊन त्याचं बोट सगळ्यांदेखत पुसलं, टोचलं, पट्टी लावली. मशीनीची शिटी दारापर्यंत ऐकू गेली.

"कुलदीप, वाच."

"तीनशे सोळा," कुलदीप म्हणाला. त्याचा चेहरा उतरत गेला.

"आता कपाटातली चिठ्ठी वाच. या आकड्याले सुई किती?"

"आई..."

"वाच म्हटलं ना."

"दहा युनिट."

चतुराबाईनं देवरावाचं मनगट सोडलं नव्हतं. दुसऱ्या हातानं तिनं कपाटातली जुनी, कोरी सिरिंज पुढं धरली.

"देऊ का?"

देवरावानं झटक्यात हात मागं ओढला.

चतुराबाई त्याच्या त्या ओढलेल्या हाताकडं पाहत राहिली.

"त्याईनं नव्हता ओढला," ती म्हणाली.