फळ्यावरचं एकच नाव

नदी शाळेच्या अंगणात शिरली तेव्हा चौदा मुलं वरच्या मजल्यावरच्या वर्गात होती. बाई मदत आणायला म्हणून ज्या गेल्या, त्या गेल्याच. जाताना मॉनिटरच्या हातात खडू देऊन गेल्या. "वर्ग सांभाळ गं. मी आलेच."

मॉनिटर अवघी दहा वर्षांची. सगळे तिला 'छोट्या बाई' म्हणत, निम्मे कौतुकानं, निम्मे चिडून. वर्ग सांभाळायची तिला एकच रीत ठाऊक होती. जो बोलेल त्याचं नाव फळ्यावर. नाव लागलं की कपाटामागच्या कोपऱ्यात हाताची घडी, तोंडावर बोट. तिथून फळा तेवढा दिसे. तिनं नाव पुसेपर्यंत हूं की चूं करायचं नाही.

पहिलं नाव लागलं ते तिच्याच भावाचं. सहा वर्षांचा खारू. खिशात सदा काहीतरी कोंबलेलं, म्हणून खारू. "ताई, आई कधी येणार?" म्हणत तो तिसऱ्यांदा रडला, तसा वर्गातला सगळ्यात दांडगा पहिलवान खेकसला, "आता लिही की! का आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं?"

तिनं लिहिलं. तेही सुवाच्य अक्षरात, अगदी जोर लावून. खारू मुकाट्यानं कोपऱ्यात गेला. पाच मिनिटांत पुसू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

पण त्याआधीच पाणी वरच्या पायरीला लागलं आणि शेवटची भरलेली बाटली पहिलवाननं हिसकावली. तिनं त्याचं नाव लिहिलं. तो उठला आणि आपलं नाव बाहीनं पुसून मोकळा झाला.

झालं! मग कोण कोणाला विचारतो? बाकं आडवी पडली, डबे ओढले गेले, एक मुलगी दुसरीला कडकडून चावली. कालपर्यंत हीच पोरं एकमेकांना खोडरबर देत होती. "गप्प बसा, गप्प बसा," म्हणून छोट्या बाईंचा घसा बसला, खडू कोणाच्या तरी पायाखाली चुरा झाला. तिला पाण्याची भीती वाटतच होती. आता या पोरांचीही वाटू लागली.

तेवढ्यात खिडकीशी होडी लागली. सगळे एकदम तुटून पडले. त्या रेट्यात ती उचलली गेली आणि होडीत आदळली.

"आत कोणी राहिलंय का?" नावाड्यानं खिडकीतून डोकं घालून विचारलं. "असाल तर ओ द्या रे!"

आत सामसूम. त्यानं पुन्हा हाक मारली, थांबला, आणि होडी सोडली. प्रवाहानं ती लगेच ओढून नेली.

"माझा भाऊ! कपाटामागं आहे!"

"अगं, दोनदा हाक मारली ना मी? असता तर ओ दिली नसती का?"

"तो नाही देणार ओ! त्याचं नाव लागलंय!"

नावाड्याला काही कळेना. शेवटी पहिलवानच हुंदके देत म्हणाला, "खरंच आहे तो आत." नावाड्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं होडीतल्या तेरा पोरांकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. "आता वळवली तर सगळेच जातील. यांना उतरवतो, मग येतो."

पाणी खिडकीच्या कठड्यापर्यंत आलं होतं.

"खारू, पुसलं रे तुझं नाव!" ती जीव तोडून ओरडली. "पुसलं! ये बाहेर!"

उघड्या खिडकीतून तिला फळ्यावरचं ते एकच नाव दिसत होतं. त्यालाही दिसत असणार.