डावीकडे वळताना हॉर्न वाजतो

दोन हजार नऊ साली, मार्च महिन्याच्या एकतीस तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत काकूंचं जुन्या गाड्यांचं दुकान बंद झालं. "बंद पडलं" असं कुणी म्हटलं की काकू अजूनही फणकारतात, "पडायला ती काय भिंत होती? मी केलं बंद."

दुकान म्हणजे तरी काय, हमरस्त्याला लागून तारेचं कुंपण घातलेलं एक आवार. आत दोन रांगांत उभ्या गाड्या, कोपऱ्यात पत्र्याची शेड आणि शेडच्या पोटात काचेची एक खोली. खोलीत एक टेबल आणि तीन खुर्च्या. त्यातली एक डुगडुगायची. तिच्या पाठीवर काकूंनी चिठ्ठी डकवली होती: "डावा पाय आखूड आहे. बेताने बसावे."

फाटकावर लोखंडी पाटी होती. वरच्या ओळीत घरचं आडनाव आणि खाली, जरा लहान अक्षरांत, "जुन्या गाड्या खोडी सांगून मिळतील."

ही खालची ओळ काकूंची. चौऱ्याहत्तर साली काकांनी दुकान काढलं तेव्हा काकू अगदी नव्या नवरी होत्या. पहिल्याच वर्षी काकांनी एका पोस्टमनला गाडी विकली. रेडिएटर गळतो हे त्यांना ठाऊक होतं. त्याने विचारलं नाही, म्हणून यांनी सांगितलं नाही. पुढे पोस्टमन बायकोला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेत असताना भर रस्त्यात गाडी तापून उभी राहिली. बाळबाळंतीण सुखरूप राहिली, पण दोन दिवसांनी पोस्टमन दुकानात आला, किल्ली टेबलावर ठेवली आणि चालत परत गेला. काका दिवसभर त्या किल्लीकडे बघत बसले. काकूंनी मात्र कागद घेतला, दुकानात गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना हाक मारली आणि आवारातल्या उरलेल्या चारही गाड्यांच्या खोडी लिहून काढल्या.

तेव्हापासून रीतच पडली. नवी गाडी आवारात आली की मिस्त्री ती चालवायला घेत आणि काकू शेजारी वही मांडीवर घेऊन बसत.

"क्लच जड," मिस्त्री म्हणत.

"क्लच जड."

"तिसरा गिअर कुरकुरतो."

"कुरकुरतो की खरखरतो?"

"थांबा वहिनी, परत टाकतो." मग जरा वेळाने, "खरखरतो."

ही चिठ्ठी डॅशबोर्डच्या कप्प्यात जायची. गिऱ्हाईक आलं की काकू ती त्याच्या हातात देत आणि वाचायला लावत. "मोठ्याने वाचा," त्या म्हणत. "मनात वाचताना माणूस नको ते गाळतो." कुणी लाजत वाचायचं, कुणी हसत. काही जण पाचव्या खोडीलाच उठून जायचे. पण जे शेवटपर्यंत वाचायचे ते कधी भांडायला परत आले नाहीत; परत आले ते धाकट्या भावाला गाडी दाखवायला.

सगळ्याच गाड्या विकल्या गेल्या असं नाही. एक निळी गाडी अकरा वर्षं आवारात ठाण मांडून होती. मिस्त्री तिला घरजावई म्हणत. तिच्या चिठ्ठीवर तेवीस खोडी होत्या. गार असताना तिसऱ्या किल्लीलाच सुरू होते, ही दुसरी. डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो, ही चौदावी. मिस्त्रींनी तीनदा स्टिअरिंग उघडलं, तारा बदलल्या, शिव्या घातल्या. हॉर्न काही ऐकेना. "तिला डावीकडचं कुणीतरी आवडत असेल," काका म्हणायचे. काका गेल्यालाही दोन हजार नऊ साली सहा वर्षं झाली होती.

आता गोष्ट त्या मार्चची. जागा भाड्याची, करार पस्तीस वर्षांचा. तो संपत होता आणि जागेच्या मालकाने ती एका मोठ्या कंपनीला द्यायचं ठरवलं होतं. तिलाही जुन्या गाड्याच विकायच्या होत्या, पण गार हवेत, चकचकीत फरशीवर. काकूंचं मालकाशी भांडण नव्हतं. करार म्हणजे करार. एकतीस मार्चला पाच वाजल्यानंतर कुंपणाच्या आत जे राहील ते जागेबरोबर जाईल, हेही त्यातच लिहिलेलं होतं आणि पस्तीस वर्षांपूर्वी काकूंनीच ते काकांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

पण कंपनीला नुसती जागा नको होती. महिन्याच्या सुरुवातीला तिचा माणूस आला. उन्हातसुद्धा टाय गळ्याशी घट्ट, म्हणून त्याचं नाव लगेच टायवाला पडलं. आला तो थेट डुगडुगत्या खुर्चीत बसला आणि टेबलाला धरून सावरला.

"पाठीवर लिहिलंय," काकू म्हणाल्या.

"हो का? दिसलं नाही." तो हसला. "मॅडम, तुमच्या नावावर लोकांचा विश्वास आहे. आम्हाला नाव द्या, पाटी द्या. तुमच्या मुलाला आम्ही इथलाच व्यवस्थापक करतो."

मुलगा तेव्हा तेहेतीस वर्षांचा. शाळेत असल्यापासून त्याने या गाड्या धुतल्या, पुसल्या, ढकलल्या होत्या. तेलकट हात पाठीमागे लपवून लग्न ठरवायला बसलेला तो. त्याला गार खोली हवीशी वाटली यात त्याचं काय चुकलं? काकूंनाही ते कळत होतं, म्हणून "विचार करते" असं सांगून त्यांनी टायवाल्याला वाटेला लावलं. सही त्यांचीच लागणार होती.

पंचवीस तारखेला सकाळी एक नर्स पांढरी गाडी बघायला आली. काकूंनी कप्पा उघडला, तर आत चिठ्ठी नाही. शेजारची गाडी उघडली, तीही रिकामी. आवारात सहा गाड्या उरल्या होत्या. सहाही कप्पे कोरडे ठणठणीत.

"चिठ्ठ्या कुठायत?" त्यांनी मुलाला विचारलं.

मुलगा खाली बघून म्हणाला, "मी काढल्या. कंपनीचे साहेब म्हणाले, उरलेल्या गाड्या जागेबरोबर आम्हीच घेऊ, पण तसले कागद आत नकोत."

"आण इकडे."

"फाडल्या, आई."

मिस्त्रींच्या हातातला पाना हातातच राहिला. नर्स चुळबुळली. "मी नंतर येऊ का?"

"मुळीच नाही. तुम्ही बसा," काकू म्हणाल्या. "त्या खुर्चीवर नको." मग त्यांनी वही उघडली, डोळे मिटले आणि जणू ती गाडी पाठ असल्यासारखं बोलत बोलत लिहायला लागल्या. "पांढरी. एक, मागचं डावं दार आतून उघडत नाही. दोन, चढावर दुसऱ्या गिअरला दम लागतो. तीन, वायपर अर्ध्यावर थांबतो..."

"वायपर बदलला मी, वहिनी. गेल्या महिन्यात."

"मग खोडते. नसलेली खोड लिहिणं हेही खोटंच."

अकरा खोडी झाल्या. नर्सने त्या उभ्यानेच खणखणीत आवाजात वाचल्या, गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाली, "आमच्या वॉर्डातल्या लोकांपेक्षा हिची तब्येत बरीच बरी आहे. घेते."

ती गेल्यावर मुलगा चिडला. "आई, तुला माझं बरं झालेलं बघवत नाही का?"

"तुझं बरं झालेलं मला बघायचंच आहे. पण माझ्या आडनावाखाली कुणी मुकाट्याने गाडी विकलेली बघायची नाही."

"तुझं आडनाव? माझं नाही ते?"

काकूंनी वही मिटली आणि पांढऱ्या गाडीचे पैसे मोजायला घेतले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी उरलेल्या पाच गाड्यांच्या चिठ्ठ्या मोठ्या कागदांवर जाड अक्षरांत लिहिल्या, समोरच्या काचांवर लावल्या आणि गाड्या रस्त्याच्या बाजूला तोंड करून उभ्या केल्या. जाणारे-येणारे थबकायला लागले. "सीटला उंदराने कुरतडले आहे" हे वाचून एक ट्रकवाला पोट धरून हसला आणि संध्याकाळी मेहुण्याला घेऊन आला. चार दिवसांत चार गाड्या गेल्या. एकतीस तारखेला दुपारी आवारात घरजावई तेवढी उरली.

चार वाजता टायवाला आला, हातात कागद आणि बरोबर एक रंगारी. रंगाऱ्याकडे शिडी आणि पांढऱ्या रंगाचा डबा.

"हा कशाला?" काकूंनी विचारलं.

"खालची ओळ तेवढी झाकून घेतो. वरची छान आहे. या, सही करूया."

काकूंनी कागद हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि त्यालाच परत दिला. "वाचा."

"मॅडम, तुमच्या मुलाने वाचलाय."

"इथे घेणारा वाचतो, मोठ्याने. गेली पस्तीस वर्षं हेच चाललंय. तुम्ही माझं नाव घेताय ना? मग वाचा."

टायवाल्याने मुलाकडे बघून सुस्कारा सोडला आणि सुरुवात केली. पहिली चार कलमं भराभर झाली. पाचव्याला तो म्हणाला, "वगैरे वगैरे."

"वगैरे गाडीत नसतं, कागदातही नसतं. सगळं."

सहावं कलम असं, की नाव आणि पाटी कायमची कंपनीची. कंपनी ती वाटेल तशी वापरील, आणि घरातल्या कुणालाही गाड्यांच्या धंद्यात ते आडनाव पुन्हा लावता येणार नाही. मिस्त्री शेडच्या खांबाला टेकले होते, ते सरळ उभे राहिले. आठव्या कलमापाशी टायवाल्याचा आवाज बारीक झाला.

"ऐकू येत नाही," काकू म्हणाल्या.

"सदर मुलाची नेमणूक सहा महिन्यांपुरती राहील, आणि कारण न देता ती केव्हाही संपवता येईल."

मुलगा पुढे आला. "सहा महिने?"

"अहो, ते नुसतं लिहायचं असतं. सगळ्यांनाच लिहितो आम्ही."

काकूंनी मुलाकडे बघितलं. "वाचला होतास ना?"

त्याचे कान लाल झाले. "वाचला होता," तो म्हणाला. मग हळूच, "मनात."

काकूंनी वहीतलं एक पान फाडलं आणि लिहिलं: "एक, नाव कायमचे जाते. दोन, मुलगा सहा महिन्यांनी रस्त्यावर. तीन, घेणाऱ्याला स्वतःचाच कागद वाचवत नाही. नाव देणार नाही." खाली ठसठशीत सही केली आणि ते पान टायवाल्याच्या हातात दिलं. "सही हवी होती ना? ही घ्या."

टायवाल्याचा चेहरा कडक झाला. त्याने घड्याळ पाहिलं. "साडेचार झालेत, काकू." आता मॅडमची काकू झाली होती. "पाचनंतर कुंपणाच्या आत राहील ते जागेबरोबर आमचं. पाटी पस्तीस वर्षांची आहे. बोल्ट गंजलेत. बघा काय जमतं ते."

काकू मिस्त्रींकडे वळल्या, पण मिस्त्री पाना आणायला आधीच आत गेले होते. आणि मुलगा रंगाऱ्यासमोर उभा होता. "शिडी द्या जरा."

रंगाऱ्याने एकदा टायवाल्याकडे बघितलं, एकदा शिडीकडे. "माझे पैसे रंगाचे ठरलेत," तो म्हणाला, "शिडी माझी आहे." आणि ती देऊन टाकली.

मुलगा वर चढला. तीन बोल्ट निघाले. चौथा जागचा हलेना. मिस्त्रींनी खालून तेलाची बुधली दिली, वरून गंजाची भुकटी त्यांच्या डोक्यावर पडली. पाचला बारा मिनिटं कमी असताना बोल्ट "कट्" करून तुटला, आणि पाटी मुलाच्या खांद्यावर आली. तिघांनी ती घरजावयाच्या टपावर चढवली, दोर आडवा टाकला, उभा टाकला, गाठ मारली.

"मी चालवतो, आई."

"तू बाजूला बस. मी पस्तीस वर्षं बाजूलाच बसले आहे."

काकूंनी किल्ली फिरवली. काहीच नाही. दुसऱ्यांदा फिरवली. टायवाला कुंपणाला टेकून घड्याळाकडे बघत होता. "तिसरीला होते," मिस्त्री मागच्या सीटवरून म्हणाले, "लिहिलंय." तिसऱ्या किल्लीला घरजावई खोकला, थरथरला आणि सुरू झाला. डुगडुगती खुर्ची तेवढी आत राहिली, चिठ्ठीसकट.

घर फाटकातून उजवीकडे होतं. काकूंनी फाटकात गाडी क्षणभर थांबवली, टायवाल्याकडे नीट बघून घेतलं आणि स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. हॉर्नने असा ठणाणा केला की टायवाल्याच्या हातातली चिठ्ठी उडाली आणि रंगाऱ्याने डबा सोडला. पुढच्या चौकातही काकू डावीकडे वळल्या, त्याच्या पुढच्याही. अशा डावीकडूनच वळसा घेत, दर वळणाला बोंब ठोकत, दुकानासमोरून दुसऱ्यांदा जाऊन त्या घरी पोचल्या. मुलगा पहिल्या चौकात तोंड लपवत होता. तिसऱ्याला त्याने काच खाली केली आणि हात बाहेर काढला.

त्यानंतर मुलाने सात-आठ महिने नोकरी शोधली. मिळाली नाही. मग एका ओळखीच्या माणसाला जुनी गाडी घ्यायची होती, त्याच्याबरोबर बघायला गेला आणि तिथल्या तिथे खोडी लिहून दिल्या. आज तेच त्याचं काम आहे: कुणी कुठेही गाडी घेत असो, तो आधी जाऊन ती तपासतो आणि चिठ्ठी देतो. चिठ्ठीच्या डोक्यावर घरचं आडनाव असतं. वाचायला मोठ्यानेच लावतो.

मिस्त्रींचा एक कान गेला. तरी बॉनेटवर तळहात ठेवून ते अजून सांगतात, कुरकुरतो की खरखरतो.

नर्सने पांढरी गाडी नऊ वर्षं चालवली. मागचं डावं दार तिने कधी दुरुस्त केलं नाही. मुलं गाडी चालू असताना उघडत नाहीत, बरंच आहे, म्हणाली.

कंपनीने तिथे नवी पाटी लावली, तीन वर्षं गार हवा सोडली आणि गाशा गुंडाळला. टायवाला एकदा काकूंना बँकेत दिसला. टाय नव्हता. काकूंना बघून त्याने मान लववली आणि बसण्याआधी खुर्ची हलवून पाहिली.

काकू आता बहात्तर वर्षांच्या आहेत. पाटी दिवाणखान्यात भिंतीला टेकवून ठेवली आहे, गंजक्या भोकांसकट. घरजावई अंगणात असतो. गेल्या वर्षी मुलाने शेवटी स्टिअरिंगमधली ती तार शोधून काढली आणि पक्कड घेऊन उभा राहिला.

"हात लावशील तर बघ," काकू आतून ओरडल्या.