मान टाकलेलं रोप

बाबांचं रोप मान टाकून पडलं होतं. बाबा गेल्यावर घरात त्यांच्या हातचं वाढतं असं तेवढंच उरलं होतं. आत्या कुंडीशी उभी राहून शपथेवर सांगत होती, पाण्याला एक दिवस खाडा नाही.

"कुठलं पाणी घालत होतीस?" बाबांच्या लेकीनं विचारलं.

"त्या मोठ्या बाटलीतलं. दादानं भरून ठेवलेलं. म्हटलं, त्याच्याच हातचं त्याच्या रोपाला."

लेकीनं कपाळावर हात मारला. "आत्या, ते मिठाचं पाणी! बाबांनी शिकवणीतल्या मुलांना दाखवायला ठेवलेलं. खारं पाणी पेशींमधलं पाणी बाहेर ओढून घेतं."

आत्या मटकन स्टुलावर बसली. "म्हणजे मारलं मी त्याला?"

"बघावं लागेल."

पानाच्या जांभळ्या पाठीवरची पातळ साल तिनं चिमट्यानं सोलली, नळाच्या पाण्याच्या थेंबात ठेवली आणि बाबांच्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पेशींच्या चौकटी जागच्या जागी होत्या, पण आतला जांभळा रंग आक्रसून गोळा झाला होता. जिवंत पेशी पाणी पिऊन फुगणार, मेलेलीचा रंग गळून जाणार. पुढचं बघायचं तिला धाडस होईना.

"सरक," म्हणत आत्यानं डोळा लावला.

"काय दिसतंय?"

"काही नाही... थांब. अगं, एक गोळा फुगतोय! वाटोळा झालाय मेला!"

"मेला म्हणू नकोस!"

"बरं, जगला! दुसराही जगला! हा तर पार भिंतीला टेकला! पण पाणी शिरतं कुठून?"

"पेशीच्या पडद्यात बारीक दारं असतात. पाण्याचे कण त्यातून एकामागून एक रांगेत जातात."

"रांगेत? दादाच्या वर्गात कधी नव्हती गं एवढी शिस्त!"

लेक फसकन हसली. मग आत्या. एकीचं थांबलं की दुसरीचं सुरू होई. लेकीनं स्वतः डोळा लावला, तेव्हा काही चौकटी रिकाम्या, रंग गेलेल्या होत्या. पण बाकीच्या जांभळ्या रंगानं काठोकाठ भरल्या होत्या.

मातीतलं मीठ धुवायला दोघींनी कुंडी उचलून न्हाणीघरात नेली. नळ सोडला, पण खालची भोकं बुजलेली. आत्यानं कुंडी कलती केली, केसातला आकडा काढून एक भोक टोकरलं, तशी गढूळ धार थेट तिच्या पायांवर. दोघी किंचाळल्या.

"दादा असता तर ओरडला असता."

"ओरडले असते," लेक म्हणाली, "आणि मग आपल्याला ढकलून स्वतः भिजले असते."

आणि तिनं नळ पुरता सोडला.