शेजारचं माणूस

शशिधर रिसबूड बर्मिंगहॅमच्या एका बँकेत बावीस वर्षं नोकरीला होते आणि त्या बावीस वर्षांत एकदाही उशिरा पोचले नव्हते. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरच्या तोंडून त्यांनी ‘इंडियन टाइम’ हा शब्द ऐकला. तो त्यांना उद्देशून नव्हता, कुणा उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाबद्दल होता. पण त्यांच्या अंगाला असा चिकटला की पुढे लग्नकार्य असो नाहीतर डेंटिस्ट, ते वीस मिनिटं आधी जाऊन बाहेर गाडीत बसून राहत. सुप्रभाबाई, त्यांच्या पत्नी, शेजारी विणकाम करत बसत. यावरून त्यांनी कधी वाद घातला नाही.

एकोणनव्वदच्या जूनमध्ये लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून दोघं हार्विच बंदरातून क्रूझला निघाली. तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज नॉर्वेत ऑस्लोला लागलं. धक्क्यावर सहा पांढरे कोच, टूरच्या बसगाड्या, ओळीनं उभे होते. अर्ध्या दिवसात शहर दाखवायचं आणि जेवायच्या वेळेला परत जहाजावर सोडायचं. रिसबुडांचा कोच चार नंबरचा. त्यावरची गाइड इंगेर, बावीस-तेवीस वर्षांची, कॉलेजच्या सुट्टीत हे काम करणारी मुलगी होती. तिचं इंग्लिश नीटनेटकं होतं.

पहिला थांबा सिटी हॉलचा, वीस मिनिटांचा. वीस मिनिटांनी सगळे परतले, सुप्रभाबाई तेवढ्या नव्हत्या. पाच मिनिटं गेली, आठ झाली. मागून कुणीतरी सावकाश टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग आणखी चार-पाच हात त्यात मिसळले. तेवढ्यात सुप्रभाबाई निऱ्या सावरत धापा टाकत चढल्या. टाळ्या वाढल्या, हशा पिकला. त्यात विष नव्हतं, थट्टाच होती. पण शशिधररावांची कानशिलं तापली.

“सॉरी, सॉरी,” म्हणत बाई शेजारी येऊन बसल्या. “अहो, काय झालं माहितीय का...”

“नंतर,” ते म्हणाले. आणि कोच सुटायच्या आत कॅमेरा घेऊन उठले. “पुढून फोटो चांगले येतील.”

पुढच्या सीटवर ऐंशीच्या घरातल्या एक इंग्रज बाई बसल्या होत्या, मिसेस व्हिटलॉक. त्यांनी आपली काठी बाजूला घेऊन जागा करून दिली आणि आपुलकीनं विचारलं, “एकटेच आलात?”

शशिधररावांनी कॅमेऱ्याचं झाकण काढलं आणि म्हणाले, “हो.”

दुसरा थांबा पुतळ्यांच्या बागेत होता. तिथे ते एकटेच फिरले, चार फोटो काढले आणि दहा मिनिटं आधीच जागेवर येऊन बसले. मधल्या वेळात पोलिसानं सांगितलं म्हणून ड्रायव्हरनं कोच ओळीतून काढून पार दुसऱ्या टोकाला लावला होता. निघायची वेळ झाली. इंगेरनं माइक हातात घेतला. “आपलं शेजारचं माणूस आलंय का, प्रत्येकानं बघून घ्या. आलंय?”

सगळीकडून होकार आले. शशिधररावांनी डावीकडे पाहिलं. मिसेस व्हिटलॉक होत्या. इंगेर शशिधररावांकडेच बघत होती. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

कोच वळणावर आला आणि त्यांना सुप्रभाबाई दिसल्या. निळी साडी, वर मोहरीच्या फुलांच्या रंगाचं कार्डिगन. दोन नंबरच्या कोचसमोर उभ्या राहून त्या काचेवरचा आकडा वाचत होत्या. आवाज ऐकून त्यांनी मान वर केली. शशिधररावांना ‘थांबा’ एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तो जिभेवर आलाही होता. इतक्यात मागून कुणीतरी म्हणालं, “चला, या वेळी तरी वेळेवर निघालो!” आणि सगळे हसले. शब्द घशाखाली गेला. सगळे कोच एकाच ठिकाणी जाणार आहेत, येईल ती दुसऱ्या कोचमधून, असं त्यांनी मनाला समजावलं. मनाला ते पटलं नाही, पण मनानं वादही घातला नाही.

टेकडीवर, स्की-जंपच्या उंच घसरगुंडीच्या पायथ्याशी, एकामागून एक कोच येऊन लागले. दोन नंबरचा आला, पाचचा आला, शेवटी एकही यायचा राहिला नाही. निळी साडी कुठूनच उतरली नाही. तेव्हा ते इंगेरकडे गेले. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“पण मी विचारलं होतं ना, सर?”

“मला वाटलं, ती मागे बसलीय,” शशिधरराव म्हणाले.

इंगेर कॅफेतल्या फोनकडे धावली. मिसेस व्हिटलॉक काठी टेकत जवळ आल्या. “निळ्या साडीतल्या बाई? त्या तुमच्या पत्नी? पण तुम्ही तर म्हणालात...” त्या थांबल्या. मग खाली बघत म्हणाल्या, “मघाशी त्यांना माझ्यामुळे उशीर झाला. सिटी हॉलच्या टॉयलेटमध्ये मी चष्मा विसरले. मला कोचपर्यंत पोचवून त्या पुन्हा आत जाऊन तो घेऊन आल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हाच मी उठून सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही.”

इंगेरनं बोलावलेली टॅक्सी आली तसे शशिधरराव आत बसले.

सुप्रभाबाई बागेच्या फाटकापाशी बाकावर बसल्या होत्या. एक बूट काढून पाय चोळत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि बूट चढवला.

“आपला कोच हलवला होता,” शशिधरराव म्हणाले. “त्या मुलीनं नीट...”

“तुम्ही पुढच्या काचेत होतात,” बाई म्हणाल्या. “मी हात केला. तुम्ही कॅमेऱ्यात बघायला लागलात.”

टॅक्सीत दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत राहिली.

जहाजावर टूर डेस्कचा माणूस फॉर्म काढूनच बसला होता. त्यानं दहादा माफी मागितली. “चूक आमच्या गाइडची आहे. तिनं डोकी मोजायला हवी होती. हा रिपोर्ट तिच्या कंपनीला जाईल. यापुढे ती आमच्या कोचवर दिसणार नाही.”

डेस्कपुढे रांग होती, मघाचेच चेहरे. शशिधरराव बोलणार होते, खरंच बोलणार होते, पण वाक्य कुठून सुरू करावं तेच कळेना. तेवढ्यात सुप्रभाबाई शांतपणे इंग्लिशमध्ये म्हणाल्या, “गाइडचा काही दोष नाही. मला बाग अजून बघायची होती. मीच मिस्टरांना म्हटलं, तुम्ही पुढे व्हा.”

डेस्कवरच्या माणसाचा आवाज लगेच बदलला. “मॅडम, असं करायचं नसतं. चाळीस लोकांचा खोळंबा होतो. पुढच्या वेळी कृपा करून आधी सांगत जा.”

“हो, चुकलंच माझं,” बाई म्हणाल्या. रांगेत कुणीतरी सुस्कारा सोडला. शशिधरराव शेजारी उभे राहून ते सगळं ऐकत होते.

केबिनमध्ये आल्यावर ते म्हणाले, “माझ्यासाठी एवढं खोटं बोलायची गरज नव्हती.”

“तुमच्यासाठी?” बाईंनी कार्डिगन हँगरला लावलं. “त्या पोरीचं काम गेलं असतं म्हणून बोलले.”

दुसऱ्या दिवशी कोपनहेगन होतं. सुप्रभाबाई सकाळीच मिसेस व्हिटलॉकबरोबर टूरला निघून गेल्या. ‘या’ म्हणाल्या नाहीत, ‘येऊ नका’ असंही म्हणाल्या नाहीत. शशिधरराव मागे राहिले. डेकवर दोन तास येरझारा घातल्यावर ते टूर डेस्कपाशी गेले. रांग नव्हती, पण माणसं येत-जात होती. तरीही त्यांनी आवाज खाली केला नाही.

“कालच्या प्रकाराबद्दल सांगायचंय. गाइडनं विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. गाइडनं विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. चूक पत्नीची नव्हती, गाइडचीही नव्हती. लिहून घ्या.”

तो माणूस गोंधळला. “सर, तो फॉर्म तर मी कालच फाडून टाकला. जाऊ द्या, होतं असं सुट्टीत.”

“होत नाही असं,” शशिधरराव म्हणाले. पण त्या माणसाकडे लिहून घ्यायला काही नव्हतं आणि त्यांच्याकडे आणखी सांगायला काही नव्हतं.

दुपारी बाई परतल्या. शशिधररावांनी घडलेलं सगळं सांगितलं. सांगताना एकदा ते अडखळले, तेव्हाही बाईंनी वाक्य पुरं करून दिलं नाही.

“बरं केलंत,” शेवटी त्या म्हणाल्या. “पण मला अजून राग आहे. तो इतक्यात जायचा नाही.”

“माहीत आहे.”

“मिसेस व्हिटलॉकना मी आपल्या टेबलावर जेवायला बोलावलंय. त्यांना ठाऊक आहे सगळं. यायचं असेल तर या.”

शशिधरराव आरशासमोर उभे राहिले, टायची गाठ दोनदा चुकली. मग टाय तसाच पलंगावर टाकून ते बाईंच्या मागून निघाले.