अंगठ्यापुरती जागा

मित्रांनो, मी एक जुनी रंगपाटी आहे. चित्रकार जिला हातात धरतात आणि जिच्यावर रंग कालवतात, ती मी. माझ्या अंगात अंगठा घालायला एक भोक आहे. सुताराने ते पाडले तेव्हा शेजारच्या फळ्या फिदीफिदी हसल्या होत्या. हसतील त्यांचे दात दिसतील! त्यांची पुढे कपाटाची दारे झाली, आणि मी मात्र समुद्र पाहिला.

आधी बरीच वर्षे मी चित्रकला शिकवणाऱ्या एका बाईंकडे धूळ खात पडले होते. मग त्यांच्या संध्याकाळच्या वर्गात एक शिवणकाम करणारी ताई आली आणि बाईंनी मला तिच्या हाती दिले.

ताईचे बाबा म्हातारे खलाशी. घर समुद्रापासून लांब, गुडघे थकलेले, आणि नजर दिवसेंदिवस विझत चाललेली. ती परत यायची नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. "डोळे जायच्या आत एकदा बंदर बघायचंय गं," ते ताईला म्हणाले होते. म्हणून तिने बंदरच घरी आणायचे ठरवले.

नकलेसाठी बाईंनी बरोक काळातल्या, म्हणजे तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या, एका युरोपीय बंदराचे छापील चित्र दिले. खाली उतरलेला सूर्य, सोनेरी आभाळ, उंच खांबांच्या इमारती, शिडांची जहाजे, धक्क्यावर पेट्या उतरवणारी माणसे. ताईने सवयीने टेप काढली आणि शिवणाच्या खडूने कॅनव्हासवर चौकोन आखले. बाईंनी तिला आधी सगळीकडे तपकिरी रंग फासायला लावला.

"अहो बाई, हा तर चिखल झाला!"

"अंधार आधी, उजेड मागून," बाई म्हणाल्या.

शिडे ताईला पटकन साधली. कापड कुठे ताणते आणि कुठे झोळ धरते, हे तिच्या बोटांना ठाऊकच होते. पाणी मात्र हटून बसले. तिच्या लाटा शर्टाच्या चुण्यांसारख्या ओळीने उभ्या राहत. "पाण्याला इस्त्री करू नका!" बाई हसून म्हणत. त्या दिवसांत रोज संध्याकाळी खोलीभर जवसाच्या तेलाचा वास दरवळे, माझ्या अंगावर पिवळ्या उन्हाचे ढीग पडत, आणि मला वाटे, मी फळी नाहीच. त्या बंदरात नांगर टाकून डुलणारी होडी आहे.

पण तेलरंगाला घाई खपत नाही. एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि बाबांची नजर काही थांबायला तयार नव्हती. माझाही जीव टांगणीला लागला. शेवटी ताईने सूर्याखालच्या पाण्यावर जाड पिवळट रंग लावला आणि चित्र ओलेच घरी नेले. मीही तिच्या पिशवीत होते.

बाबा नाक टेकेल इतके जवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. "वारा झकास भरलाय शिडांत," ते म्हणाले, आणि पाण्यावरच्या उन्हाच्या वाटेवर त्यांनी अंगठा टेकवला.

"बाबा, हात नका लावू! ओलं आहे!"

"अगं, समुद्र ओला नसणार तर काय कोरडा असणार?"

ताईला हसूही आले आणि रडूही. दुसऱ्या दिवशी ती ठसा बुजवायला तोच रंग घेऊन बसली. कुंचला माझ्यावर टेकला, वर गेला, आणि तसाच खाली आला.

चित्र पुरते वाळले, तोवर बाबांची नजर गेली होती. आता ते रोज सकाळी भिंत चाचपत चित्रापाशी येतात. रंगातला तो खळगा बोटांनी शोधतात आणि त्यात अंगठा ठेवतात. "लागलो धक्क्याला," असे म्हणतात, आणि मग चहा मागतात.

ताईला आता शिवणातून उसंत नाही. मी शिलाई मशीनमागे पडून असते. मित्रांनो, काम संपले की रंगपाटी पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवत जा. वाळलेला रंग खरवडताना आमचे अंग सोलवटते. माझ्यावर त्या दिवसाचा पिवळा रंग अजून आहे. तेवढा मात्र राहू द्या. आणि कधी मी तुमच्या हाती लागले, तर रंग नसले तरी चालेल, भोकात अंगठा घालून घटकाभर मला धरून बसा. मलाही धक्क्याला लागल्यासारखे वाटेल.