सायकलीशेजारचे स्टूल

मी एक जुनी सायकल आहे. पण मित्रांनो, मला एकच चाक आहे आणि तेही जमिनीला टेकत नाही. माझ्यावर बसून माणसे घामाघूम झाली, पण कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा कोणी पोचले नाही. मला कुलूप लागत नाही, माझी हवा कोणी सोडत नाही आणि मला पळवून नेणारा चोर अजून जन्माला यायचा आहे. मी व्यायामाची सायकल. जागच्या जागी चालते. याला कोणी चालणे म्हणत नसेल तर मी भांडायला जात नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एकाने माझा सांगाडा जोडला, दुसऱ्याने निळा रंग दिला, तिसऱ्याने पुढे जड चाक बसवले आणि त्यावर वेग दाखवणारा काट्याचा डबा. शेवटी एक तपासनीस बाई आल्या. प्रत्येक सायकलीवर थोडा वेळ बसून बघणे हे त्यांचे काम. माझ्यावर बसल्यावर त्यांनी डोळे मिटले, चार फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, "ही गुणाची आहे. कुरकुर करत नाही." पुढे कितीतरी वर्षे मी तेवढ्या एका वाक्यावर काढली.

कारण व्यायामशाळेत माझ्या वाट्याला आरशासमोरची जागा आली. तिथे येणारा जो तो आरशात स्वतःलाच बघायचा. मला राबवले सगळ्यांनी, पाहिले कोणी नाही. तरीही ते दिवस भरभराटीचे होते. सकाळी माझ्यासाठी रांग लागायची आणि मीही थोडी ताठ्यात असायचे. मग चित्रे दाखवणाऱ्या, गाणी वाजवणाऱ्या नव्या सायकली आल्या, आणि मी जिन्याखाली गेले. तिथून जुन्या सामानाच्या दुकानात. तिथे एका मोडक्या पंख्याच्या शेजारी मी धूळ खात होते, तेव्हा कंट्रोलरसाहेब आले.

साहेब बस डेपोत कंट्रोलर होते. कोणती गाडी सुटली, कोणती वाटेत बंद पडली, कोणता ड्रायव्हर आज आलाच नाही, हे सगळे त्यांच्या डोक्यावर. गाडी वेळेवर सुटली तर शाबासकी नाही, उशिरा सुटली तर साऱ्या गावाच्या शिव्या. त्या नोकरीने त्यांच्या कपाळावर दोन उभ्या रेघा पाडल्या होत्या आणि जबडा असा आवळलेला असे की झोपेतसुद्धा दात करकर वाजत. त्यांचे थोरले भाऊ दुसऱ्या डेपोत हेच काम करत. ते एके दिवशी बसल्या खुर्चीत, हातात फोन धरलेला असतानाच गेले. आता साहेब भावाच्या वयाला पोचले होते आणि डॉक्टरबाईंनी त्यांचा रक्तदाब मोजून मान हलवली होती. "काहीतरी करा. थोडा व्यायाम करा, थोडं निवांत बसा. हे असंच चाललं तर मी काही सांगू शकत नाही."

त्या दिवसापासून साहेबांच्या बायकोच्या, म्हणजे त्यांची लेक चिमी हिच्या आईच्या, जिवाला घोर लागला. ती शाळेत शिकवायची, घर बघायची आणि येताजाता नवऱ्याच्या चेहऱ्याकडे चोरून पाहायची. मला घरात आणले तेव्हा तिने स्वतः ओल्या फडक्याने पुसले. माझ्या कानाशी वाकून ती म्हणाली, "बघ बाई, तुझ्या भरवशावर आहे मी." मित्रांनो, इतक्या विश्वासाने माझ्याशी आजवर कोणी बोलले नव्हते. मी मनातल्या मनात कंबर कसली.

पण कंट्रोलर माणूस तो! निवांत राहायचे ठरवले म्हणून काय झाले, त्याचेही वेळापत्रक नको का? दुसऱ्याच दिवशी साहेबांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक मोठा तक्ता चिकटवला. सायकलीवर कोणी कधी बसायचे, पाणी कोणी कधी प्यायचे, दीर्घ श्वास कोणी कधी घ्यायचे, सगळे त्यात. एक रकाना तर 'निवांत बसणे' असाच होता. सगळ्यांनी एकत्र, बैठकीच्या खोलीत, न बोलता. पहिल्याच संध्याकाळी चिमीची आई भाजी परतत होती म्हणून तिला यायला वेळ लागला, तर साहेब कडाडले, "निवांत बसायला उशीर झालाय! कळतंय का तुला?"

"अहो, भाजी करपली असती."

"भाजी करपेना का! माझी तब्येत महत्त्वाची की भाजी?"

चिमी दहा वर्षांची होती. तिने गुपचूप पेन घेतले आणि तक्त्यात बाबांच्या नावापुढे 'गाडी तापली आहे' असे लिहून ठेवले. ते वाचून साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. निवांतपणाची ती वेळ सगळ्यांनी श्वास रोखून काढली.

माझ्यावर बसले की साहेबांची नजर काट्यावर. काटा जरा खाली आला की ते दात-ओठ खाऊन पाय मारत. फोन माझ्या दांडीवर टेकवलेला, आणि तोंडाने डेपो चालू. माझी मूठ ते अशी आवळत की रबरावर बोटांचे खड्डे पडत. मला तोंड असते तर मी म्हटले असते, अहो साहेब, मी पळून जात नाही आहे. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, ते मी माझ्याच पाठीवर पाहत होते.

व्हायचे तेच झाले. एका संध्याकाळी दोन गाड्या एकाच पुलावर बंद पडल्या. साहेब माझ्यावर बसून फोनमध्ये ओरडत होते आणि पाय वेड्यासारखे मारत होते. ओरडता ओरडता त्यांचा आवाज घोगरा झाला, चेहरा काळानिळा पडला आणि ते माझ्या दांडीवर ओणवे झाले. मग हळूच घसरून फरशीवर बसले. चिमी किंचाळली. तिची आई धावत आली, तिने त्यांचे डोके मांडीवर घेतले. ती नुसती त्यांची छाती चोळत होती.

डॉक्टरबाई घरी आल्या. या वेळी थोडक्यात निभावले होते. त्यांनी गोळ्या वाढवल्या, सक्तीची रजा लिहून दिली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही तूर्त बंद." चिमीच्या आईने माझ्याकडे पाहिले. ती रागावली असती तर मला चालले असते. पण तिच्या नजरेत राग नव्हता, नुसती निराशा होती. दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर ओले टॉवेल पडू लागले, मग चिमीचा गणवेश, मग घडी न केलेल्या चादरी. सायकलीची कपडे वाळत घालायची दांडी झाली. मी कपड्यांखाली गप्प बसून राहिले.

साहेब रजेवर म्हणजे घरादाराला शिक्षाच होती. नळ कोण किती वेळ सोडतो, शेजारचा दरवाजा किती वेळा वाजतो, दूधवाला कधी येतो, सगळ्यांवर त्यांची नजर. चिमीची आई एकदा वैतागून म्हणाली, "अहो, डेपो तरी बरा होता. तिथे तुमच्या हाताखाली पन्नास माणसं होती. इथे आम्ही दोघीच आहोत."

तेवढ्यात आजी आल्या. आजी म्हणजे चिमीच्या आईची आई. त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते आणि बरे होईपर्यंत त्या लेकीकडे राहणार होत्या. व्यायाम शिकवायला आलेल्या मुलीने कपड्यांच्या ढिगाऱ्याखालून माझे चाक ओळखले. "अरे वा, सायकल आहे की घरात! आजी, रोज यावर हळूहळू पाय फिरवायचे. अजिबात जोर नाही लावायचा. फक्त कोणीतरी शेजारी बसायला हवं."

"पडेन की गं मी," आजी म्हणाल्या. ऑपरेशनच्या आधी त्या न्हाणीघरात पडल्या होत्या आणि ती भीती त्यांच्या अंगातून जात नव्हती.

चिमीची आई शाळेत, चिमी शाळेत. घरात उरले जावई. त्यांनी स्वयंपाकघरातले स्टूल उचलून आणले आणि माझ्या शेजारी ठेवले. एक हात आजींच्या कोपराखाली, दुसरा माझ्या मुठीवर. मूठ अशी आवळली की रबरात बोटे रुतली. म्हटले, पुन्हा तेच!

"आई, काटा हलतच नाहीये," साहेब म्हणाले.

"नसेल हलत. दमला असेल."

"अहो, थोडा तरी वेग हवा ना."

"जावईबापू, मला कुठे गाडी गाठायची आहे?" असे म्हणून आजींनी खांद्यावरचा पंचा काढला आणि माझ्या डब्यावर टाकला. "ही काच फार चमकते बाई डोळ्यांवर."

खरोखरच ती काच चमकत होती, त्यात आजींचा दुसरा काही डाव नव्हता. पण काटा झाकला गेला आणि साहेबांना पाहायला काही उरले नाही. उठावे तर आजी पडतील. बोलावे तर आजी आपल्याच तंद्रीत. शेवटी ते खिडकीबाहेर बघू लागले. समोरच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानात एक माणूस शर्टाची कॉलर दाबत होता. एक कॉलर, मग दुसरी. साहेब बघत राहिले. माझे चाक म्हाताऱ्या गुडघ्याच्या चालीने फिरत होते. किती दिवसांनी मी अशी सावकाश चालत होते!

रोज दुपारी हे असे चालले. मित्रांनो, मला डॉक्टरांचे यंत्र कळत नाही, पण मुठीवरचा हात कळतो. तो हात आधी बोटांत सैल झाला, मग पंजात. कधी कधी तर तो नुसता ठेवलेला असे. साहेबांचा श्वास आधी भात्यासारखा फुसफुसत यायचा. आता तो माझ्या चाकाच्या बरोबरीने येऊ लागला, आणि हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हते. तक्त्याची एक कड भिंतीवरून सुटली होती. ती कोणी चिकटवली नाही.

एके दिवशी साहेब खिडकीकडे बघत एकदम म्हणाले, "आई, मला फार भीती वाटते."

आजींचे पाय थांबले.

"दादाच्या वयाचा झालोय मी. फोन वाजला की वाटतं, आता आपलीही पाळी आली. मग मी ओरडतो. ओरडलं की तेवढ्यापुरती भीती वाटत नाही."

मला वाटले आजी आता समजूत घालतील, देवाचे नाव घेतील, चार पावसाळे जास्त पाहिल्याचे सांगतील. त्या म्हणाल्या, "मलाही वाटते. पडायची. म्हणून तर तुम्हाला शेजारी बसवलंय."

"म्हणजे आपण दोघंही भित्रे," साहेब हसले. फार दिवसांनी हसले.

"माझ्या शेजारी तुम्ही आहात. तुमच्या शेजारी कोण असतं?"

साहेबांनी थोडा विचार केला. "सध्या तुम्हीच की."

"मी पुढच्या महिन्यात जाईन हो माझ्या घरी," आजी म्हणाल्या आणि पुन्हा पाय फिरवू लागल्या.

त्या खरेच गेल्या. काठी टेकत, पण आपल्या पायांनी जिना उतरून गेल्या. डॉक्टरबाईंनी साहेबांचा दाब मोजला. तो एकदम उतरला नव्हता, पण उतरणीला लागला होता. गोळ्या चालू ठेवायच्या आणि हलक्या कामावर जायला हरकत नाही, असे त्या म्हणाल्या. चिमीने आनंदाने उडी मारली. चिमीची आई हसली आणि लगेच कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

साहेब कामावर रुजू झाले, त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी चिमीची आई शाळेतून आली, पर्स खाली ठेवली आणि साडीचा पदर खोचून माझ्यावर येऊन बसली. तक्त्यात तिची पाळी कितीदा लिहिली होती, पण आपणहोऊन ती कधी बसली नव्हती. तिने पाय मारले नाहीत. दांडीवर डोके टेकवले आणि ती रडू लागली. तिचे हात माझ्या मुठींवर होते. मित्रांनो, तिने माझ्या मुठी आवळल्या त्या साहेबांपेक्षाही घट्ट. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरातल्या प्रत्येकाचे दुखणे हिने उचलले होते आणि ते ठेवायला तिला जागाच नव्हती.

साहेब नुकतेच आले होते. दारात क्षणभर उभे राहिले. मग स्टूल ओढून शेजारी बसले.

"काही बोलू नका," ती म्हणाली.

"नाही बोलत."

मग डोके न उचलता तीच बोलली. "तुम्ही खाली घसरलात ना त्या दिवशी, तेव्हापासून मला झोप नाही. डोळा लागला की उठून बघते, श्वास चालू आहे का ते. रोज."

"मला बोलली नाहीस."

"तुमचा दाब वाढला असता."

साहेबांचा हात तिच्या हातावर आला. ते म्हणाले, "उद्या डॉक्टरबाईंकडे जायचंय मला. तूही चल. इतक्या दिवसांत तुझा दाब कोणी मोजलाच नाही गं."

तिने डोके वर केले. "मला काय झालंय?"

"तेच तर कोणाला माहीत नाही," साहेब म्हणाले.

ती थोडी रडत, थोडी हसत बसून राहिली. मग सहज तिचे पाय फिरू लागले आणि मी चालू लागले.

आता माझी साखळी कुरकुरते. कारखान्यातल्या त्या बाई आज मला गुणाची म्हणणार नाहीत. जमले तर दोन थेंब तेल घाला, नाही घातलेत तरी माझे काही अडत नाही. मित्रांनो, माझे मागणे दुसरेच आहे. तुमच्या घरात सगळ्यांची औषधे लक्षात ठेवणारे एक माणूस असेल. आज संध्याकाळी त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि त्याला झोप लागते का, ते विचारा.